समुद्रकाकडीचे सोमवार

सोमवार, २० सप्टेंबर

चादर! चादर! चादर!

तीनदा लिहिलं तरी समाधान होत नाहीये. अकरा महिने मी समुद्रकाकडीच्या, म्हणजे समुद्रतळावरच्या त्या मऊ प्राण्याच्या, अंगातलं पाणी गाळतेय, त्यात रक्ताचा थेंब सोडतेय आणि प्लेटमधल्या खळग्यांत डोळे घालून तास तास बसतेय. अकरा महिने ते रक्त मुकाट्यानं घसरत तळाशी गेलं आणि लाल ठिपका होऊन बसलं. ठिपका म्हणजे काहीही झालं नाही. ठिपका म्हणजे ओडील मेलान्सन, डबा उचल आणि घरी जा. काकडीत मी शोधतेय ते प्रथिन असेल, तर ते रक्तपेशींना एकमेकींना चिकटवतं. मग त्या घसरत नाहीत, खळगाभर पातळ चादरीसारख्या पसरतात. आज सव्वाअकराला पहिल्या चारही खळग्यांत चादर होती!

मी थंड खोलीत जाऊन नाचले. तिथं नाचलं तर कुणाला दिसत नाही असा माझा समज होता. वळून बघते तर दारात डॉक्टरबाई. ॲगथा प्राऊज, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, वय एकसष्ट, आख्ख्या नोव्हा स्कोशियात यांना हसताना पाहिलेला माणूस मला भेटायचाय.

"झालं नाचून?" बाई म्हणाल्या. "आता पुन्हा करून दाखव."

"नाच की प्रयोग, बाई?"

"प्रयोग. नाच पुरे झाला."

पुन्हा केला. पुन्हा चादर. मग बाईंनी विचारलं की आज वेगळं काय केलंस. मला उत्तर ठाऊक होतं. बादली! इतके दिवस काकड्या जस्ताच्या जुन्या बादलीतून यायच्या. ती फुटली, म्हणून आज इनॅमलच्या नव्या बादलीतून आल्या. जस्तानंच घात केला असणार.

आणखी एक किरकोळ बदल झाला, तोही नोंदवून ठेवते. आजवर रक्त बाईंचंच असायचं, पण त्यांच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना मनाई केली. मग बाईंनी बाहेर पाटी लावली: "रक्त हवे. दर सोमवारी दहा वाजता, लहान सिरिंजभर. फक्त O गट. बिस्किट मिळेल." O म्हणजे कोरी पाटी, त्या पेशींवर A नाही नि B नाही, भानगड नाही, असं बाईंचं म्हणणं. माझा गट B, म्हणून मी बाद. आज आमच्या संशोधन केंद्राची बोट चालवणारा लॉर्न टायटस आला, म्हणाला "मी O", आणि खुर्चीत बसला. सुई बघून त्याचं तोंड कॉड माशाच्या पोटासारखं पांढरं झालं. एवढा सहा फुटी गडी! मी त्याचा हात घट्ट धरला, नाहीतर कोसळलाच असता. माझं काकवीचं बिस्किट दिलं तर म्हणाला "नंतर खातो", आणि खिशात घातलं.

सोमवार, २७ सप्टेंबर

चौसष्टपट पातळ केलं तरी चादर. बादलीचा विजय असो. मात्र आज मी मागच्या सोमवारचेच पिवळे मोजे घातले होते, तेव्हा त्यांनाही थोडं श्रेय देते. हसा खुशाल. अकरा महिने ठिपके बघितलेल्या बाईनं काय करावं?

लॉर्न आला. केस पाण्यानं चापून बसवलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. कुणाकडे मयत-बियत आहे का विचारलं, तर नाही म्हणाला.

गुरुवार, ३० सप्टेंबर

आज साठ काकड्या. बाहेरून तपकिरी, फुगीर, हात लावला की आकसून चेंडू होणाऱ्या, आणि जास्त डिवचलं तर आपली आतडी तोंडावर फेकून मोकळ्या! आज दोघींनी माझ्या ॲप्रनवर फेकली. मला मुळीच राग आला नाही. माझी लेकरं ती.

त्यांचं पाणी काढलं, त्यात मीठ टाकत टाकत गेले, तसं प्रथिन दुधासारखं फाटून खाली बसलं. आता पातळ पिशवीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात, मग उद्यापासून कॉलममधून थेंब थेंब. काचेच्या नळीत मण्यांसारखी भुकटी भरलेली असते, तिच्यातून मोठी प्रथिनं आधी उतरतात, छोटी मागाहून. ऐंशी नळ्यांतून माझं नेमकं कुठल्या नळीत बसलंय ते शोधायचं. लग्नाच्या मांडवात नवरदेव शोधण्यापेक्षा हे अवघड, कारण इथं फुलं लावलेली नसतात.

काकड्या देताना लॉर्न म्हणाला, "काका विचारत होता, ही घाण आमच्या जाळ्यात आली की आम्ही शिव्या देऊन फेकतो, आणि तुम्ही तिला बर्फात झोपवता?"

"काकांना सांग, त्यांच्या लॉब्स्टरपेक्षा हिच्या अंगात जास्त अक्कल आहे."

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "पण मला त्याच्याच घरी जेवायचं असतं."

हा बोलतो की! तीन वर्षांत मी याचं सबंध वाक्य ऐकलं नव्हतं.

सोमवार, ११ ऑक्टोबर

आज कापणीच्या सणाची सुट्टी. केंद्र बंद. कॉलम चालू होता म्हणून मी एकटीच आले. दहाला दार वाजलं, बघते तर लॉर्न. सुट्टी आहे हे विसरला बिचारा. आलाच आहेस तर घेते म्हटलं. आता त्याला सुईची थोडी सवय झालीय, पण हात अजून धरावा लागतो. बिस्किट नेहमीसारखं खिशात.

त्यानंतर तो दीड तास बसून नळ्यांत पडणारे थेंब बघत होता. इतका रस! मी त्याला सगळं समजावून सांगितलं. विज्ञानाची आवड कुणाला असेल सांगता येत नाही.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

आईकडून बातमी. काल आमच्या कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये रक्तदान होतं. आई तिथं चहा ओतायला होती. ती चहा ओतते आणि त्याबरोबर सगळ्या गावाची माहिती काढून घेते.

"तुझा तो बोटवाला आला होता," आई म्हणाली. "रक्त देऊन उठला आणि धाडकन पडला. दोन बाकं पाडली."

"तो ब्रायर बेटावरचा, बाप्टिस्ट माणूस. आपल्या चर्चमध्ये कशाला येईल?"

"तेच मी विचारलं. तर म्हणतो, ओडील येणार आहे का आज?"

काकड्यांचं काहीतरी काम असेल. एवढी भीती, आणि तरी जिथं तिथं रक्त द्यायची हौस. असतात अशी माणसं.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

एकच रेघ!

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना कसं सांगू? काकडीच्या पाण्यात शेकडो प्रथिनं. ती जेलच्या पट्टीवर विजेनं पळवली आणि निळ्या रंगात बुडवली की आधी नुसता रेघांचा गुंता दिसायचा. आज माझ्या नळीतल्या थेंबाची एकच रेघ उमटली. बारीक, निळी, सरळ. म्हणजे ते एकटं आहे, शुद्ध आहे, माझं आहे. उकळलं तर मरतं, थंडीत जगतं, आणि चार हजारपट पातळ केलं तरी चादर पाडतं!

बाईंनी आठ तऱ्हेच्या साखरा घालून बघितल्या. सात साखरांना त्यानं भीक घातली नाही. आठवी घातली आणि त्याचं चिकटवणं थांबलं. "म्हणजे पेशीवर ते नेमकी हीच साखर पकडतं," बाई म्हणाल्या. मग भुवई वर गेली. "पण O च्या पेशीवर ही साखर अशी टोकाला असायला नको." त्यांनी वहीत प्रश्नचिन्ह काढलं. बाईंच्या प्रश्नचिन्हांची मला भीती वाटते, पण आज मी कुणालाही भिणार नव्हते. पट्टी घेऊन धक्क्यापर्यंत पळाले आणि लॉर्नला दाखवली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरून उन्हासमोर बघितली.

"सुंदर आहे," तो म्हणाला. बघत मात्र भलतीकडेच होता. शास्त्रात जेल कुठं बघायचं हेसुद्धा शिकवावं लागतं.

सोमवार, २२ नोव्हेंबर

दोन बातम्या.

एक, राजधानीहून पत्र. अनुदान समितीचे डॉक्टर सिंक्लेअर दहा डिसेंबरला येतायत. समोर बसून चादर बघतील. पडली तर काकडीला आणखी दोन वर्षं. नाही पडली तर नाताळनंतर काकडी बंद, फ्रीजर रिकामा, आणि मी पलीकडच्या इमारतीत शिंपल्यांची अंडी मोजायला. मी हसले. माझी चादर आता झोपेतसुद्धा पडते!

दुसरी, लॉर्न दोन आठवडे येणार नाही. पुढच्या सोमवारी लॉब्स्टरचा हंगाम उघडतोय, काकाला हात हवा. त्या दिवशी या किनाऱ्यावर पाय असलेला प्रत्येक पुरुष बोटीवर असतो, त्यात नवल नाही. पण सांगताना तो बराच वेळ टोपी फिरवत उभा होता.

"रक्ताचं काय?" त्यानं विचारलं.

"बाई देतील. दोन आठवड्यांचा तर प्रश्न."

"हो," तो म्हणाला. "दोनच आठवडे."

मला काय त्याचं? मी तर प्रथिनाची माणूस. संध्याकाळी उगीचच दोनदा धक्क्यावर जाऊन आले. वारा छान होता.

रविवार, २८ नोव्हेंबर

आईनं एक छोटं पाकीट दिलं. ऑक्टोबरच्या रक्तदानाची कार्डं आली म्हणे, चर्चमध्ये वाटली. लॉर्नचं तिनं ठेवून घेतलं. "दे त्याला," म्हणाली. "आणि बघ तरी आत काय आहे."

"दुसऱ्याचं पाकीट मी उघडत नाही."

"मीही नाही," आई म्हणाली, आणि ते दिव्यासमोर धरून बघायला लागली. मी हिसकावून घेतलं. या डायरीत खूण म्हणून घातलंय. कागद छान जाड आहे, पान चटकन सापडतं.

सोमवार, २९ नोव्हेंबर

ठिपका.

सगळ्या खळग्यांत ठिपका. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. पुन्हा केलं. पुन्हा ठिपके. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी न बोलणं फार वाईट असतं.

बुधवार, १ डिसेंबर

फ्रीजरनं प्रथिन मारलं असेल. ताज्या काकड्यांतून नवं काढायला घेतलंय. लॉर्न नाही, म्हणून बदली माणूस काकड्या घेऊन आला. कशातून? जस्ताच्या बादलीतून! मी इतकी ओरडले की तो बादली टाकून पळाला.

शुक्रवार, ३ डिसेंबर

इनॅमलची बादली धुवून पुसून तिच्यातून काकड्या पुन्हा आणल्या. ठिपके.

घरी आले तर आईनं माझे पिवळे मोजे धुतलेले! अकरा आठवडे न धुतलेले मोजे! मी रडले. खरंच रडले, अगदी हुंदके देऊन. आई म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. बये, मोज्यांना असा वास होता की काकड्या त्यानंच मेल्या असतील." तिनं रापी पाय, म्हणजे किसलेल्या बटाट्याचा आमचा भाजलेला पदार्थ, ताटात पुढं केला. बटाट्याचा तो गरम ढीग बघून मी आणखी रडले आणि दोनदा वाढून घेतला.

प्रथिनावर माझा जीव आहे. आज कबूल करते. एकोणतीस वर्षांत मी एकच गोष्ट अशी शोधली जी माझ्याआधी कुणी बघितली नव्हती, आणि ती माझ्या हातात मेली.

सोमवार, ६ डिसेंबर

डॉक्टरांची मनाई मोडून बाईंनी पुन्हा रक्त दिलं. त्यांच्या हाताला शीर सापडेना. "टोच," म्हणाल्या, "मला काही नाचायचं नाहीये." ओठ पांढरे पडले होते. मी नवं शुद्ध केलेलं प्रथिन घातलं. जेलवर तीच सरळ निळी रेघ. म्हणजे ते आहे. जिवंत दिसतंय. मग काम का करत नाही? रुसलंय का?

ठिपके. बाई म्हणाल्या, "शुक्रवारी सिंक्लेअरना खरं ते सांगू. मी सांगेन, तू नको." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार किती लांबला आज. दहा वाजता खुर्ची रिकामी बघवेना. बिस्किटं सवयीनं आणली होती, मीच खाल्ली. लॉर्न असता तर तो काही बोलला नसता, पण त्याचं न बोलणं वेगळं असतं.

बुधवार, ८ डिसेंबर

घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नका.

संध्याकाळी घरी आले तर आई स्वयंपाकघरात, किटली उकळतेय, आणि टेबलावर लॉर्नचं पाकीट. उघडं.

"आई!"

"मी नाही उघडलं. किटलीजवळ ठेवलं होतं, वाफेनं आपोआप उघडलं."

"ते माझ्या डायरीत होतं! तू माझी डायरी वाचलीस?"

"छे! डायरी कशाला वाचू? पाकीट कुठल्या पानात आहे तेवढं बघत गेले."

"मग?"

"मग ते शेवटच्या पानात निघालं. त्याला मी काय करू?"

मी काही बोलणार तेवढ्यात तिनं चष्मा लावला आणि कार्ड लांब धरलं. "मला फक्त त्याची जन्मतारीख बघायची होती. तेहतीस वर्षांचा आहे. वय ठीक आहे. धर्म बाप्टिस्ट आहे, पण ते बघू. रक्त A आहे, तुझ्या बाबांसारखं. बाबाही असेच पडायचे सुई बघून..."

"काय आहे?"

"बाप्टिस्ट."

"आई, रक्त! रक्त काय आहे?"

"A म्हटलं ना. बहिरी झालीस का?"

मी खाली बसले. जमिनीवरच. बाईंची आठवी साखर, वहीतलं प्रश्नचिन्ह, वीस सप्टेंबर, बावीस नोव्हेंबर, सगळं डोक्यात एकदम धडाधड पडलं, हॉलमधल्या बाकांसारखं. चादर बादलीनं पडत नव्हती. मोज्यांनी पडत नव्हती. O च्या पेशींना माझं प्रथिन ओळखतच नाही! ते ओळखतं फक्त A ला, ती आठवी साखर A च्याच पेशींवर टोकाला असते. बाईंचं O रक्त होतं तेव्हा ठिपके, लॉर्न आला तेव्हा चादर, लॉर्न गेला तेव्हा पुन्हा ठिपके. प्रथिन मेलेलं नाही! कधीच मेलं नव्हतं! आणि हे सांगणारा कागद गेले दहा दिवस याच वहीत, माझ्या उशाशी होता!

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आई म्हणाली. मग शांतपणे जोडलं, "आणि प्रथिनाचं म्हणत नाही मी. त्याचं नाव किती पानांवर आहे, कधी बघितलंयस? तुझ्या बाबांचं नाव मी लग्नाआधी एवढ्या वेळा घेतलं असतं तर माझ्या आईनं मला नन करायला मठात घातलं असतं."

मी आईला मिठी मारली आणि मग रागावले. क्रम उलटा झाला, पण दोन्ही मनापासून.

गुरुवार, ९ डिसेंबर

सकाळी बाईंना सांगितलं. त्यांनी वही काढून ते प्रश्नचिन्ह शोधलं. मग स्वतःच्या कपाळावर चापट मारली, चांगली जोरात. "आपण काकडीला उकळलं, गोठवलं, मिठात बुडवलं, विजेवर पळवलं," त्या म्हणाल्या. "तिची अकरा प्रकारे चौकशी केली. आणि समोर माणूस बसला, O म्हणाला, तर आपण हो म्हणालो. रक्ताचा एक थेंब तपासायला पाच मिनिटं लागतात. ओडील, आपण दोघी गाढवं आहोत. जा, पळ."

बोट दुपारी धक्क्याला आली. ओहोटी होती, म्हणजे बोट धक्क्याच्या वीस फूट खाली. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात सिरिंज, थर्मास गळ्यात, आणि मी शेवाळलेल्या शिडीवरून खाली. वरून कुणीतरी म्हणालं, "पोरगी माल उतरवायला आली की चढवायला?" मी वर बघितलंच नाही.

केबिनमध्ये खारवलेल्या हेरिंगचा असा वास की डोळ्यांतून पाणी. लॉर्न दोर गुंडाळत होता. मला बघून त्याच्या हातातला दोर सुटला.

"तू A आहेस!" मी म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"असेन."

"तू O म्हणाला होतास!"

"पाटीवर O लिहिलं होतं."

"म्हणजे तुला तुझा गट माहीतच नव्हता?"

"नाही."

"मग खोटं का बोललास? माझा जीव जायची वेळ आली होती! मी मोज्यांवरून आईशी भांडले! खुर्चीत बसायची एवढी काय हौस, सुई बघून तर तुझी पाचावर धारण बसते?"

तो सुटलेला दोर पुन्हा गुंडाळायला लागला. कानाच्या पाळ्या लाल. त्याचे काका, हॉलिस टायटस, मागं आमिष भरत होते, ते हसायला लागले.

"पोरी, आरडाओरडा नंतर कर," ते म्हणाले. "आधी याचं रक्त काढ. कापूस लागेल ना? वरच्या फळीवर डबा आहे बघ."

फळीवर दोन डबे होते. मी पहिला उघडला, आणि तो चुकीचा निघाला. त्यात कापूस नव्हता. त्यात माझी काकवीची बिस्किटं होती. ओळीनं लावलेली, दगडासारखी कडक. दहा. वीस सप्टेंबरपासून बावीस नोव्हेंबरपर्यंत, सणाच्या सुट्टीचा सोमवार धरून दहा.

"काकवीचा वाससुद्धा सोसत नाही याला, लहानपणापासून," हॉलिस काका म्हणाले. "मी म्हटलं, टाक माशांना. तर माझ्या अंगावर धावून आला."

मी डब्याकडे बघितलं. मग लॉर्नकडे. केबिन एवढीशी, तिथं बघायला दुसरं काही नव्हतंच. अकरा आठवडे मी प्लेट बघत होते, खळग्यात डोळे घालून.

"हात दे," मी म्हणाले.

त्यानं हात पुढं केला. यावेळी त्यानं सुईकडे बघितलं नाही, आणि पांढराही पडला नाही. दोनदा शीर चुकवली ती मी.

चार वाजता प्लेट लावली. पाच वाजता चादर. सगळ्या खळग्यांत. बाईंनी बघितली, पुन्हा बघितली, आणि म्हणाल्या, "थंड खोली मोकळी आहे." मी नाचले. दार उघडंच होतं.

शुक्रवार, १० डिसेंबर

डॉक्टर सिंक्लेअर उंच, बारीक, थंडीनं नाक लाल. बाईंनी त्यांना सगळं खरं सांगितलं, बादली, मोजे, पाटी, सगळं. मी टेबलाखाली जावं म्हणून जागा बघत होते. मग लॉर्नचं रक्त आणि बाईंचं रक्त शेजारी शेजारी लावलं. एकीकडे चादर, एकीकडे ठिपके. त्यांनी भिंग लावून बघितलं.

"छान," ते म्हणाले. "पण हे एका माणसाचं रक्त. याच एकाच्या रक्तात काही विचित्र नसेल कशावरून? दुसरा A कुठाय?"

मी तशीच उठले. केंद्रात विचारत सुटले. स्वयंपाकी B. रखवालदाराला ठाऊक नाही, आणि सुई म्हणताच तो दिसेनासा झाला. मी परत आले तर सिंक्लेअर कोट काढून उभे.

"मीच A आहे," ते म्हणाले, जरा ओशाळून. "लष्करात होतो, तेव्हाचं कार्ड आहे. तपासून घ्या. इथं माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत म्हणे आता."

बाईंनी खरंच तपासलं! मग राजधानीचे साहेब रक्ताच्या खुर्चीत, बाही वर करून, एका हातात काकवीचं बिस्किट. एक तास त्यांनी प्लेटवरून नजर हलवली नाही. त्यांच्याच रक्ताची चादर हळूहळू पसरली तेव्हा ते म्हणाले, "अरेच्चा, हे तर माझंच!" आणि लहान पोरासारखे हसायला लागले. मग मी हसले. मग, देवाशपथ लिहिते, ॲगथा प्राऊज हसल्या. आवाज गंजलेल्या दारासारखा, पण हसूच होतं ते.

दोन वर्षं! काकडीला दोन वर्षं! जाताना सिंक्लेअरनी चार बिस्किटं कागदात बांधून नेली. त्यांना काकवी आवडते.

बाईंनी पाटीवरचं O खोडून A लिहिलं. खाली एक ओळ वाढवली: "गट तपासून घेतला जाईल."

सोमवार, १३ डिसेंबर

दहाला पाच कमी असताना लॉर्न आला. केस चापून बसवलेले, इस्त्रीचा शर्ट. कुणाकडे मयत नाही हे आता मला कळतं.

"कार्ड आणलंय," तो म्हणाला, आणि आईनं पुन्हा चिकटवलेलं ते पाकीट खिशातून काढलं. "तुझ्या आईनं रविवारी जेवायला बोलावलंय. रापी पाय आहे म्हणे."

"आणि तू काय म्हणालास?"

"काकवी नसेल तर येतो म्हटलं."

तो खुर्चीत बसला, बाही वर केली, हात पुढं केला, आणि नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. खरं तर सिंक्लेअरचं आणि त्याचं मिळून आठवडाभराचं रक्त फ्रीजमध्ये होतं. आज कुणाच्याच रक्ताची गरज नव्हती. मी सिरिंज काढलीसुद्धा नव्हती.

मी त्याच्याजवळ बसले आणि हात धरला.

बऱ्याच वेळानं त्यानं एक डोळा उघडला. "झालं?"

"नाही," मी म्हणाले. "अजून वेळ आहे."